२,६०० स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर: साताऱ्याच्या घाटरस्त्यांवर नऊ महिने

माझ्या तीन लिटर, सहा सिलिंडरच्या रिअर-व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक सेडानमध्ये बसवलेला हा दुसरा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलाच्या मदतीने गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग) आता नऊ महिने आणि सुमारे ११,००० किलोमीटर चालला आहे. पहिला का काढावा लागला हे सांगितल्याशिवाय याचे गुण कळणार नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

इंजिनात जास्त ड्युरेशनचा, म्हणजे झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट टाकल्यावर २,४०० आरपीएमच्या खाली दम उरला नाही आणि खरा जोर ४,००० च्या आसपास येऊ लागला. मूळ कन्व्हर्टरचा स्टॉल १,९०० च्या जवळपास होता. त्यामुळे पोवई नाक्याच्या गर्दीत गाडी 'डी'मध्ये ब्रेकवर धरली की इंजिन थरथरत असे आणि सुटताना गाडी क्षणभर ढिम्म राहत असे. टर्बाइन, म्हणजे कन्व्हर्टरमधले गिअरबॉक्सकडचे चाक, रोखून धरून पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन ज्या आरपीएमला अडते, तो स्टॉल स्पीड. तो वाढवला की सुटतानाच इंजिन आपल्या जोराच्या टप्प्यात पोहोचते, म्हणून बदल आवश्यकच होता.

पहिला कन्व्हर्टर घेताना विक्रेत्याने २,८०० हा आकडा सांगितला आणि मी तो कन्व्हर्टरचा अंगचा गुण समजलो. प्रत्यक्षात तो आकडा सुमारे २०० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे मोजलेला होता. कन्व्हर्टर किती टॉर्क पेलतो हे आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे टॉर्क दीडपट झाला की स्टॉल दीडाच्या वर्गमुळाने, सुमारे १.२२ पट, वाढतो. माझे इंजिन त्या टप्प्यात ३०० न्यूटन-मीटर देते, म्हणून तोच कन्व्हर्टर माझ्याकडे ३,४०० च्या पुढे गेला. खरेदी करताना स्टॉलचा आकडा विचारण्याआधी तो कोणत्या इंजिनामागे आणि किती टॉर्कवर मोजला हे विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सपाट रस्त्यावर सुटताना त्या कन्व्हर्टरमुळे गाडी खरोखर झेपावत असे. दोष उघडा पडला तो सप्टेंबरातल्या एका रविवारी, यवतेश्वरच्या घाटात. कासची फुले पाहायला निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती, वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर जात नव्हता आणि इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉक-अप क्लच लागण्याइतका वेग येतच नव्हता. अशा चढणीवर कन्व्हर्टरमधला इंजिनाकडचा पंप पुढे फिरतो, टर्बाइन मागे राहते आणि मधला सगळा फरक तेलात उष्णता होऊन उतरतो. तेलाच्या तापमानाचा काटा वीस मिनिटांत १२८ अंशांवर गेला आणि बॉनेटखालून जळका, तिखट वास येऊ लागला. गाडी बाजूला घेऊन थंड झाल्यावर डिपस्टिकचा थेंब पांढऱ्या रुमालावर टेकवला, तर लाल असायचे ते तेल तपकिरी झाले होते. इतक्या तापमानाला तेल फार काळ टिकत नाही, आणि मग सीलही कडक होऊ लागतात.

दुसऱ्या वेळी मी कोल्हापूरच्या एका गिअरबॉक्स कारागिराकडे टॉर्कचा आलेख, गाडीचे वजन, डिफरन्शियलचा रेशो आणि ताशी ८० ला टॉप गिअरमध्ये येणारा आरपीएम असे सगळे घेऊन गेलो. त्यांनी मूळ कन्व्हर्टर लेथवर उघडला, स्टेटर (परतणाऱ्या तेलाची दिशा वळवणारे मधले चाक) बदलला, पंपाच्या पात्यांचा कोन थोडा फिरवला, पुन्हा वेल्ड करून बॅलन्सिंग व गळतीची तपासणी केली आणि २,६०० चे लक्ष्य ठेवले. मी ३,००० मागत होतो. आठवड्यातून दोनदा घाट चढणाऱ्या गाडीला तो आकडा झेपणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि मी ते मानले, याचे मला आज समाधान आहे. सोबत रेडिएटरच्या पुढे तेलाचा वेगळा कूलरही बसवला.

मोजणी मी स्वतः केली. ब्रेक दाबून घेतलेली स्टॉल टेस्ट पाच सेकंदांपेक्षा जास्त लांबवू नये आणि नंतर न्यूट्रलमध्ये इंजिन एक-दोन मिनिटे चालू ठेवावे. समोर माणूस तर मुळीच उभा नसावा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्या ब्रेक दाबलेला असताना बहुधा टॉर्क कमी करतात, म्हणून तो आकडा खोटा, कमी येतो. माझ्याकडेही ब्रेकवर २,३५० आले, पण हळू चालत्या गाडीत एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर काटा २,६५० वर उसळला. माझ्या दृष्टीने हा दुसरा आकडाच खरा.

महामार्गावर लॉक-अप लागल्यावर तेल ८५ ते ९० अंशांवर राहते, आणि तशाच रविवारच्या रांगेत, त्याच घाटात, १०२ च्या वर गेलेले नाही. ॲव्हरेज मूळचे साडेआठ होते. पहिल्या कन्व्हर्टरने ते पावणेसातवर आणले, आता आठ मिळते. सुटतानाची झेप ३,४०० वाल्यापेक्षा किंचित कमी आहे, हे मान्य करतो. मात्र ओल्या रस्त्यावर मागची चाके आता जागेवर फिरत नाहीत आणि खंबाटकीच्या चढावर ओव्हरटेक करताना आरपीएम नुसताच न चढता गाडी पायाबरोबर पुढे सरकते.

एक तक्रार उरते. घराच्या चढ्या बोळात रिव्हर्स घेताना पूर्वीपेक्षा जास्त ॲक्सिलरेटर द्यावा लागतो आणि इंच-इंच सरकवणे अवघड जाते. माझी पत्नी अजून तिथे गाडी लावायला कचरते. तेल मी ८,००० किलोमीटरला बदलले. तेव्हा ते रुमालावर लालच उमटले आणि चाळणीत धातूचा कीस नव्हता.