‘घाशीराम’ बसवावं की ‘वाडा’?
नव्या संचाने कोणतं नाटक घ्यावं, विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) की महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५)? ‘घाशीराम’ला नेपथ्य फारसं लागत नाही. ओळीत उभी माणसं हीच भिंत, तीही गाणारी, डुलणारी. पाठ फिरवली की पडदा, बाजूला सरली की वाट मोकळी. मराठी रंगभूमीला सुचलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी ही एक! पण गळ्याची आणि पायाची तयारी असलेली मोठी फौज हवी, महिनोन् महिने तालीम हवी.

‘वाड्या’त माणसं मोजकी. वैदर्भी वळणाची बोली मात्र जिभेवर बसायला हवी, आणि नाटकातल्या वाड्याच्या दारात बंद पडलेल्या ट्रॅक्टरचं ओझं प्रत्येकाच्या चालण्यात दिसायला हवं.

माझं मत ‘वाड्या’ला. नवख्या नटाला गप्प बसून ऐकायला तेच शिकवतं.