आठ महिन्यांच्या आभासी क्षेत्रभेटी : वर्गातला अनुभव

गेले आठ महिने मी आठवीच्या वर्गाला परिसंस्था आणि वन्यजीव हा भाग मुख्यतः आभासी क्षेत्रभेटींच्या, म्हणजे दूरची ठिकाणे पडद्यावर पाहण्याच्या, आधारे शिकवत आहे. हाताशी एक प्रोजेक्टर, वर्गातले सहा टॅबलेट आणि आठवड्यातून दोन तास एवढेच होते. सुरुवातीला माझी अपेक्षा अशी होती की दृश्य जितके भव्य, तितका विद्यार्थी जास्त शिकेल. ही अपेक्षा पहिल्या दोन महिन्यांतच मोडीत निघाली.

सर्वांत कमी उपयोग झाला तो फिरत्या ३६०-अंशी सहलींचा. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीची पाण्याखालची दृश्ये २०१२पासून गूगलच्या नकाशावर पाहता येतात आणि ती देखणी आहेत यात शंका नाही. परंतु मासे जागच्या जागी थिजलेले असतात, कोण कोणाला खातो हे कोठेच दिसत नाही आणि पाच मिनिटांत मुलांचे बोट पडदा गरागरा फिरवण्यात रमते. दृश्य चहूबाजूंनी दाखवणारा, डोळ्यांवर लावायचा व्हीआर चष्मा वापरून पाहिला, तेव्हा दोन मुलींना मळमळू लागले आणि तो प्रयोग तेथेच थांबला. त्या दृश्यांचा एकच चांगला उपयोग मला सापडला : चित्र कोणत्या सालचे आहे हे मुलांना शोधायला लावायचे आणि मग २०१६मध्ये तेथे झालेल्या मोठ्या प्रवाळ-विरंजनाविषयी बोलायचे. पाणी तापले की प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारी शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात; म्हणजे पडद्यावरचे रंगीत प्रवाळ आजही तसेच असतील असे गृहीत धरता येत नाही, हे मुलांच्या चटकन लक्षात आले.

याउलट थेट प्रक्षेपण करणारे कॅमेरे अपेक्षेपेक्षा कितीतरी सरस ठरले. अलास्कातील काटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रूक्स धबधब्यावर एक्सप्लोर डॉट ऑर्ग या संकेतस्थळाचे कॅमेरे आहेत आणि जुलैमध्ये सॉकआय सामन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागले की तपकिरी अस्वले तेथे जमतात. पहिल्या तासाला वीस मिनिटे काहीच घडले नाही. नुसते पाणी पडत होते, मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली होती आणि मी प्रक्षेपण बंद करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात एका मुलाने विचारले, "सर, अस्वल वर आहे, मग सगळे पक्षी खालीच का बसलेत?" धबधब्याखालच्या उथळ पाण्यात कुरव (सीगल) पक्ष्यांचा थवा होता. आम्ही तिकडे लक्ष ठेवले आणि थोड्याच वेळात उत्तर मिळाले. अस्वलाने एक मासा धरला, त्याची कातडी ओरबाडली, अंडी खाल्ली आणि उरलेला मासा तसाच सोडून दिला. तो वाहत खाली आला आणि कुरवांनी त्यावर झडप घातली. मासे मुबलक असताना अस्वले कातडी, मेंदू आणि अंडी असे चरबीचे भागच वेचून खातात, कारण हिवाळी निद्रेत त्यांना साठवलेल्या चरबीवर जगायचे असते आणि त्या काळात शरीराचे वजन एक तृतीयांशापर्यंत घटू शकते. फळ्यावर मी अस्वल, सामन आणि कुरव अशी तीन नावे लिहिली. काठावर पडलेल्या माशांतून समुद्रातला नायट्रोजन झाडांपर्यंत पोहोचतो हे सांगितल्यावर चौथे नाव झाडाचे आले. अन्नजाळ्याची आकृती पुस्तकातून उतरवून न घेता वर्गाने स्वतः काढली, असे माझ्या शिकवण्यात क्वचितच घडले आहे.

अर्थात, थेट प्रक्षेपणाची वेळ आणि तासाची वेळ जुळणे हा निव्वळ नशिबाचा भाग असतो. कधी तिकडे रात्र असते, कधी धुके, तर कधी आपल्याकडचे इंटरनेट दगा देते. म्हणून जुन्या ध्वनिचित्रफिती आधी पाहून निवडून ठेवाव्यात. मात्र त्या घटना घडण्याच्या क्षणापासून सुरू न करता दहा मिनिटे आधीपासून दाखवाव्यात. वाट पाहणे हा निरीक्षणाचाच भाग आहे.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रकार म्हणजे सामान्य लोकांना संशोधनाच्या कामात सहभागी करून घेणाऱ्या झूनिव्हर्स या संकेतस्थळावरील 'वाइल्डकॅम गोरोंगोसा' हा प्रकल्प. मोझांबिकमधील गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ या काळातील यादवी युद्धाने मोठे सस्तन प्राणी नव्वद टक्क्यांहून अधिक घटले होते आणि आता तेथे पुनरुज्जीवनाचे काम चालू आहे. हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी काढलेली छायाचित्रे मुलांनी पाहायची, प्राणी ओळखायचा, संख्या आणि वर्तन नोंदवायचे, असे हे काम आहे. कित्येक छायाचित्रांत वाऱ्याने हललेल्या गवताखेरीज काहीही नसते आणि त्यावर मुले आधी वैतागली. पुढे रिकाम्या चित्राचीही नोंद करायची असते हे त्यांच्या अंगवळणी पडले. वॉटरबक हे हरणासारखे प्राणी आणि बबून ही माकडे वारंवार दिसत, सायाळ मात्र रात्रीच्याच छायाचित्रांत सापडे. त्यावरून गटागटाने दिवसाच्या तासांनुसार आलेख काढले.

याच आलेखांत आमची मोठी चूक झाली. एका गटाने बबूनच्या छायाचित्रांची संख्या म्हणजेच बबूनची संख्या धरली. तपासताना दिसले की एकच टोळी कॅमेऱ्यासमोर ठाण मांडून बसली होती आणि ओळीने चित्रे निघत गेली होती. छायाचित्रे मोजणे आणि प्राणी मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तसेच एखादा प्राणी चित्रात आला नाही म्हणून तो जंगलात नाही असेही म्हणता येत नाही, यावर आम्ही पूर्ण एक तास घालवला. तो तास आधीपासूनच नियोजनात ठेवायला हवा होता.

तक्रारीही आहेत. पडद्यावर मोठे सस्तन प्राणीच अधिक येतात. कीटक, बुरशी, माती यांना जवळजवळ जागा नसते. वास, उकाडा आणि पायांखालचा चिखल यांतले काहीच मिळत नाही. एक सशुल्क सहल आम्ही घेतली, तिच्यात निवेदक इतका बोलत होता की मुलांना पाहायला उसंतच मिळाली नाही. शिवाय अशा सेवा कायम राहतील याचा भरवसा नसतो. गूगलचे एक्सपिडिशन्स हे आभासी सहलींचे ॲप ३० जून २०२१ रोजी बंद झाले. म्हणून प्रश्नपत्रके आणि नोंदतक्ते मी कोणत्याही एका संकेतस्थळावर न ठेवता कागदावर तयार केले आहेत.

शेवटच्या महिन्यात तोच नोंदतक्ता घेऊन वर्ग मैदानावर नेला आणि दोरीने आखलेल्या एक चौरस मीटर जागेसमोर प्रत्येक गटाला अर्धा तास बसवले. एका गटाच्या तक्त्यात मुंग्यांपुढे लिहिले होते : "४१ वेळा दिसल्या. मुंग्या किती, ते सांगता येत नाही."