गावच्या ग्रुपवर फोटोगोष्टींची स्पर्धा: पोळ्यापासून वेचणीपर्यंतचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमच्या गावाच्या ग्रुपवर पोळ्यापासून दर महिन्याला ही स्पर्धा चालते. एक फोटो, सोबत छोटी गोष्ट, आणि निकाल सभासदांच्या मतांवर. परीक्षक नाही. आपल्या गावात असं काही सुरू करायचं मनात असेल त्यांच्यासाठी लिहितो आहे.

आधी मतदानाचं, कारण भांडणं तिथंच होतात. सुरुवात व्हॉट्सॲपच्या पोलनं केली. त्यात १२ पर्याय मावतात आणि म्हातारी माणसंसुद्धा बोट लावून मोकळी होतात. पण आमच्या पोलात मत देणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसत होतं. मित्रांच्या ग्रुपात ते चालून जातं. गावात सासऱ्याचा फोटो सोडून सून दुसऱ्याला मत देईल कशी? पहिला निकाल म्हणजे कोणाचा गोतावळा किती मोठा, याची शिरगणतीच झाली.

मग गूगल फॉर्मवर आलो. फोटोवर नाव नाही, नुसता क्रमांक. पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल अशी सोय त्यात आहे, ती चालू करा. नाहीतर वरच्या दोन-तीन फोटोंचंच फावतं. आणि सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे प्रत्येकानं बरोबर तीन मतं द्यायची. फॉर्ममध्ये तशी अट घालता येते, कमी-जास्त झालं तर तो पुढं सरकतच नाही. पहिलं मत घरच्याला जातं, जाऊ द्या. उरलेली दोन देण्यासाठी माणसाला बाकीच्या गोष्टी वाचाव्याच लागतात. माझ्या मते या स्पर्धेत मतदानाचा खरा उपयोग तेवढाच आहे, पहिला नंबर कोणाचा याला फार अर्थ नाही.

एका गूगल खात्यावरून एकदाच मतदान ठेवलं की जिथं घरभर एकच फोन आहे तिथली माणसं, बहुतेक बायका, बाहेर राहतात. त्यांच्यासाठी किराणा दुकानात प्रिंट आणि चिठ्ठ्यांचा डबा ठेवतो. थोडी कटकट आहे, पण दुसरा उपाय सापडला नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत मतदान आठवडाभर उघडं ठेवा. दिवसा कोणी फोनकडं बघत नाही. कृषिपंपाची लाईन रात्रीची असली की ओलीत करणारे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जागेच असतात, आणि मध्यरात्रीनंतर मतं धडाधड पडतात.

फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा पाठवला की आकसतो आणि कॅमेऱ्यानं नोंदवलेली तारीखही गळून जाते. त्या तारखेचा मोठा आधार असतो, कारण एआयनं बनवलेले फोटो यायला लागलेत. पोळ्याच्या फेरीत असाच एक झकास बैल आला होता. आमच्या पट्ट्यातला गवळाऊ जातीचा बैल म्हणजे आखूड शिंगांचा. याची शिंगं खिल्लारसारखी लांबच लांब. एक आजोबा लगेच म्हणाले, “हा बैल आपल्याकडचा न्हाई बाप्पा, शिंगं तं पाहा त्याचे.” पाठवणाऱ्यानं निमूट काढून घेतला.

गोष्ट लिहूनच हवी असा हट्ट धरू नका. आम्ही बोलून पाठवलेलीही घेतो आणि जशी बोलली तशीच उतरवतो. बोलून टायपिंग करायची सोय वऱ्हाडीपुढं गडबडते, म्हणून हे काम कॉलेजातल्या पोरींकडं दिलंय. वेचणीच्या फेरीत पहिला आलेला फोटो खरं तर हललेला होता: कमरेची ओटी आणि त्यात अर्धा भरलेला कापूस. पण सोबत त्या बाईंनी सांगितलं होतं, की मजुरी किलोवर असते, दवानं कापूस जड भरतो, म्हणून ऊन चढेपर्यंत मालक वेचू देत नाही. तोवर धुऱ्यावर बसून बायका काय काय बोलतात, तेही. संत्र्याच्या बागेचा ड्रोननं काढलेला देखणा फोटो तिच्या बराच मागं राहिला. नुसत्या फोटोची स्पर्धा असती तर उलटं झालं असतं.

दुसऱ्याचा, विशेषतः कामावरच्या बायांचा फोटो असेल तर त्यांची परवानगी घ्या आणि ती गोष्टीतच सांगायला लावा. फोटो फिरत फिरत पाहुण्यांच्या ग्रुपात जातो आणि मग घरी विचारणा होते.

बक्षीस रोख ठेवू नका; पैसा आला की पुन्हा गोतावळा जागा होतो. आम्ही पहिल्या तिघांचे फोटो आर्वीहून मोठे प्रिंट करून आणतो, खाली गोष्ट चिकटवतो आणि ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात महिनाभर लावतो. खर्च वर्गणीतून भागतो. प्रिंटला लॅमिनेशन मात्र करा, व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे येतात.