जनगणनेचा गावनिहाय तक्ता: ऊसतोड गावांसाठी किती कामाचा?

गावविकास आराखडा करताना 'दहा वर्षांत गाव किती बदललं' हे दाखवायला बहुतेक ग्रामपंचायती जनगणनेचा प्राथमिक गोषवारा घेतात. संकेतस्थळावर जिल्हावार एक्सेल फाइल फुकट मिळते. प्रत्येक गावाची कुटुंबं, लोकसंख्या, 0 ते 6 वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामगार, सगळं स्त्री-पुरुष वेगळं असतं. पूर्ण राज्यासाठी इतका सलग तक्ता दुसरा नाही. पण वापरायचा तर जपून.

पहिली चूक बेरजेत होते. एकाच फाइलीत जिल्हा, तालुका, गाव अशा सगळ्या पातळ्यांच्या ओळी असतात, शिवाय एकूण, ग्रामीण, शहरी वेगळ्या. आधी फक्त गावपातळी गाळून घ्या, नाहीतर लोकसंख्या दुप्पट-तिप्पट निघते. साक्षरतेचा दर काढताना एकूण लोकसंख्येतून 0 ते 6 ची मुलं वजा करा. गाव म्हणजे इथे महसुली गाव, महसूल खात्याच्या नोंदीतलं. गट ग्रामपंचायत असेल तर तिची सगळी गावं जोडावी लागतात, आणि वाडी किंवा तांडा वेगळा सापडत नाही. 2001 आणि 2011 चे गावाचे कोड वेगवेगळे आहेत. जुळवणी नाव, तालुका आणि हेक्टरमधलं क्षेत्र पाहून करा. पालघरची गावं 2011 च्या फाइलीत ठाण्यात आहेत, कारण जिल्हा 2014 ला झाला.

बालकांचं लिंग गुणोत्तर, म्हणजे 0 ते 6 वयाच्या हजार मुलग्यांमागे मुली किती, बीड जिल्ह्यात 2001 मध्ये 894 होतं, 2011 मध्ये 807. जिल्ह्यासाठी हा आकडा गंभीर आहे. गावाला मात्र तो तसाच लावू नये. 150 मुलांच्या गावात 75-75 ऐवजी 80 मुलगे आणि 70 मुली असल्या तरी गुणोत्तर 1000 वरून 875 वर येतं. अंगणवाडीच्या चार-पाच वर्षांच्या नोंदींतली मुलं एकत्र धरा, मगच बोला.

तक्त्याची सगळ्यात मोठी उणीव ऊसतोडीच्या गावांत, म्हणजे जिथली माणसं ऊस तोडायला बाहेर जातात तिथे, दिसते. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. तेव्हा साखर कारखान्यांच्या गाळपाचा हंगाम भरात असतो. त्या पूर्ण काळात घर बंद असेल तर कुटुंब गावात धरलं जात नाही, जिथे असेल तिथे धरायचं असतं. त्यामुळे दिवाळीनंतर कोयते (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) बाहेर पडणाऱ्या गावाची लोकसंख्या कमी दिसते आणि कामगारांचं प्रमाणही बिघडतं. 'गाव ओस पडलं' असा निष्कर्ष त्यावरून काढू नका. शाळेचा पट, रेशनकार्डं आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) शेजारी ठेवून ताडून बघा.

उत्पन्नाचा रकाना जनगणनेत नाहीच. 2011 च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणनेतही ग्रामीण भागात सर्वाधिक कमावणाऱ्या व्यक्तीचं मासिक उत्पन्न तीनच गटांत विचारलं: 5,000 हून कमी, 5,000 ते 10,000 आणि त्याहून जास्त. ऊसतोडीच्या कुटुंबाला हा प्रश्न लागूच पडत नाही, कारण त्याला महिन्याचा पगार नसतो, मुकादमाकडची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडची, उचल (आगाऊ रक्कम) असते. ती उत्पन्न धरली तर आकडा फुगतो, कर्ज धरून सोडून दिली तर कमाईच गायब होते. घरोघर विचारायचे प्रश्न चार: कोयत्यामागे उचल किती, टनाला दर किती, किती टन तोडला आणि किती उचल अंगावर राहिली. शेती, दूध, शेळ्या वेगळ्या लिहा.

जनगणनेच्या तक्त्यात 'इतर कामगार' वाढले की लोक शेती सुटली म्हणून खूश होतात. त्या रकान्यात शिक्षक, गवंडी, ड्रायव्हर सगळे येतात, म्हणून तो एकटा काहीच सांगत नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे पुन्हा हंगामातच. या गावांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सगळे घरी असताना, स्वतःची कुटुंबयादी करावी: नावं, वयं, कोयते, कारखाना, जायची आणि परतायची तारीख. ती ग्रामसभेत वाचून ठरावासोबत जोडली तर तक्त्यात किती माणसं राहून गेली हे दाखवता येईल.