दावण की मुक्त गोठा? घमेलं उचलणाऱ्या बाईचा हिशोब

पाच-सहा गाई, जागा बेताची आणि घरात वाद चाललाय की गाई दावणीला ठेवायच्या की कुंपणाच्या आवारात मोकळ्या सोडायच्या? सांगोल्याच्या बाजूला आमच्याकडे दोन्ही करून झालंय. आठ वर्षं दावण होती, गेली चार वर्षं मुक्त गोठा आहे. दोन्ही वेळा गोठ्यातलं काम माझ्याकडेच. म्हणून आधी कामाचं बोलते, पैशाचं मागून.

शेण. 400 किलोची संकरित गाय दिवसाला 20 ते 25 किलो शेण टाकते. सहा गाईंचं झालं 125 किलोच्या पुढे, म्हणजे रोज दहा तरी घमेली. दावणीत ते दोन वेळा काढावंच लागतं, नाहीतर गाय त्यातच बसते आणि कास माखून घेते. मग खाली धुवा, गाय धुवा, उकिरड्यापर्यंत खेपा घाला. पावसाळ्यात घमेल्यातलं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. मुक्त गोठ्यात गाई हिंडतात, शेण तुडवलं जातं, उन्हानं वाळतं. रोज फक्त गव्हाणीजवळचं आणि छपराखालचं ओलं उचलायचं. बाकीचं दीड-दोन महिन्यांनी ओढून थेट रानात. माझा रोजचा दीड तास वाचला. आत्याबाई म्हणाल्या, "हे आधी का न्हाई केलं?" आता काय सांगणार, गोठा कसा बांधायचा हे पुरुषांनी ओट्यावर बसून ठरवलं होतं.

पाण्याचंही तसंच. दुधाची गाय दिवसाला 60-70 लिटर सहज पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दावणीला सहा गाईंना 15 लिटरच्या बादलीनं पाजायचं तर 24 ते 28 बादल्या. आपण दमतो, आणि गाय आपल्या सवडीनं पिते, तिच्या तहानेनं नाही. दुधात 87 टक्के पाणीच असतं, त्यामुळे कमी प्यायली की बादलीत लगेच दिसतं. मुक्त गोठ्यात हौद भरून ठेवला की झालं. हौद आठवड्यातून एकदा घासून चुना मारायचा, हे मात्र चुकवू नका.

माज, म्हणजे गाय भरवण्याजोगी झाल्याची वेळ, ओळखण्यात तर तुलनाच नाही. दावणीची गाय रात्री माजावर आली तर कुणाला कळतं? सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, दिसला तर दिसला, नाहीतर पुढच्या माजापर्यंत 21 दिवस गेले. मोकळ्या गाई एकमेकींवर चढतात, लांबूनही दिसतं. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी.

आता दावणीची बाजू. ती मी कमी लेखत नाही. बांधलेली गाय हाताखाली असते. कुणी वैरण खाल्ली नाही हे गव्हाणीत डोकावलं की कळतं, कुणाचं शेण पातळ झालं तेही दिसतं. मोकळ्या कळपात आजारी गाय दुसऱ्या दिवशी ध्यानात येते. आणि दांडगाई! आमची एक बांडी गाय पहिलटकरणीला गव्हाणीवर उभी राहूच देत नव्हती. शेवटी पेंड फक्त धारेच्या वेळी, बांधूनच द्यायला लागलो. मोकळ्या ठेवायच्या असतील तर कालवडींच्या शिंगकळ्या दोन-तीन आठवड्यांच्या आतच डॉक्टरांकडून जाळून घ्या. मोठ्या शिंगांची खिलार असेल तर ती बांधलेलीच बरी.

धार, वैरण कापणं, कुट्टी, डेअरीला कॅन पोचवणं यात काही फरक नाही, पहाटे पाचला उठावं लागतंच. एवढंच की धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास उघडं असतं, तेव्हा गाय खाली बसता कामा नये. मुक्त गोठ्यात धार संपायच्या आधी गव्हाण भरून ठेवायची, म्हणजे सोडल्यावर ती उभ्यानं खात राहते. हे पाळलं नाही तर दगडी, म्हणजे कासेचा आजार, दोन्हीकडे होते.

जागा बघा. गाईमागे 200 चौरस फूट मोकळं आणि 40 चौरस फूट छप्पर धरलं तर सहा गाईंना सव्वा गुंठ्याच्या थोडं वर लागतं. खर्च कुंपणाच्या जाळीचा आणि हौदाचा. गव्हाण दोन्हीकडे लागते. सगळीकडे पक्का कोबा आणि मॅट लागत नाहीत, तेवढं वाचतं.

गावठाणात घराला लागून गोठा असेल तर विषयच संपला, दावणच ठेवा. आणि राधानगरी, गगनबावड्याकडे पाऊस पडतो तसा तुमच्याकडे पडत असेल, तर मोकळ्या आवाराचा चार महिने नुसता राडा होतो, खूर कुजतात. तिकडे छपराखाली बांधलेल्या गाई सुखात असतात. आमच्याकडे, आटपाडी-माणकडे पाऊसच कमी, म्हणून मुक्त जमतो. इथंसुद्धा उतार काढून मुरूम टाकला नसता तर पहिल्याच परतीच्या पावसात पस्तावलो असतो.

एकदम सगळ्या सोडू नका. आधी दोन भाकड गाई सोडा, कुंपण टिकतंय का बघा. आम्ही दावी काढली त्या दिवशी सगळ्या गाई दुपारपर्यंत आपापल्या खुंट्याजवळच उभ्या होत्या.