देवाची इच्छा ओळखण्याचा अभ्यासवर्ग, कोल्हापूर

पुण्याची नोकरी घ्यावी की गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतच राहावं, असे प्रश्न पडलेल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी हा वर्ग खरंच उपयोगी आहे. आधी बायबलमध्ये स्पष्ट लिहिलेली देवाची इच्छा वाचतात: 1 थेस्सलनीकाकरांस 4:3 मधलं पवित्रीकरण, 5:18 मधली उपकारस्तुती. मग देवाची इच्छा ओळखण्याबद्दलचं रोमकरांस 12:2, पण स्वतःला देवाला अर्पण करा असं सांगणाऱ्या पहिल्या वचनासकट. स्वतःचं अर्पण वगळून नुसतं मार्गदर्शन मागितलं की गाडी तिथेच अडते. त्यानंतर प्रार्थना, दोन-तीन प्रौढ विश्वासणाऱ्यांचा सल्ला आणि निर्णय. डोळे मिटून बोट ठेवलेलं वचन इथे उत्तर मानत नाहीत, हे फार चांगलं. गिदोनाच्या लोकरीला, म्हणजे त्याने लोकर ठेवून देवाकडे मागितलेल्या चिन्हाला, मात्र वेळ कमी देतात. लोकरीचं चिन्ह मागण्याआधीच, शास्ते 6:14 मध्ये, त्याला इस्राएलाला सोडवायची देवाची आज्ञा मिळाली होती. हे नीट उलगडायला हवं. येताना संदर्भवचनं असलेलं पवित्र शास्त्र आणा.