फूटी की क्रिकेट? मेलबर्नमधल्या १७ वर्षांच्या मुलासाठी

मेलबर्नच्या एका वहिनींचा मुलगा क्रिकेट आणि फूटी (हाता-पायाने खेळायचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल) या दोन्ही खेळांत तयार आहे, आता एकच धरायचाय. शाळेत दोन्ही जमतं, कारण फूटी हिवाळ्यात आणि क्रिकेट उन्हाळ्यात. पण व्यावसायिक फूटी क्लबांचा सराव नोव्हेंबरातच, म्हणजे तिकडच्या ऐन क्रिकेट हंगामात सुरू होतो, तिथे घोडं अडतं.

जागा बघाल तर फूटी उजवी. एएफएल या फूटीच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे १८ क्लब, प्रत्येकाकडे चाळीसेक खेळाडू. क्रिकेटचे राज्य संघ फक्त सहा.

वयाचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. फूटीचा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडायची फेरी, अठराव्या वर्षीच येतो, आणि त्यात क्लब मुलाला निवडतो, मुलगा क्लबला नाही. बारावीची परीक्षा संपते न संपते तोच देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला जायला बॅग भरावी लागू शकते. क्रिकेट थांबायला तयार असतं: ऑस्ट्रेलियाचा फलंदाज माइक हसीचं कसोटी पदार्पण २००५ साली, तिशीत झालं.

दुखापती दोन्हीकडे. फूटीत गुडघा आणि डोकं, वेगवान गोलंदाजाची पाठ.

क्रिकेटकडून फूटीकडे परतीची वाट? ॲलेक्स कीथने २००९ मध्ये एएफएलची संधी सोडून व्हिक्टोरियाचं (मेलबर्नच्या राज्याचं) क्रिकेट घेतलं. पुढे २०१५ मध्ये एएफएलच्या ॲडलेड क्लबने त्याला घेतलं आणि तो बचावपटू म्हणून स्थिरावला. तो उंच आहे, आणि गर्दीत उडी मारून डोक्यावरचा चेंडू झेलणं हेच त्या जागेचं काम. बुटक्या मुलाने याच्या भरवशावर राहू नये.

दमदार, भरपूर धावणारा आणि घर सोडायला तयार असेल तर फूटी. शिक्षण सांभाळून हळूहळू फुलणारा असेल तर क्रिकेट.